थोरला आजारी, धाकटा तुटलेला, मधे मी. काय करू? (लांबलंय, सांभाळून घ्या)

मधली_बहीण

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललंय, आज नवरा आणि पोरं मॅच बघत बसलीत तेवढ्यात लिहून टाकते.

माहेर लोंढ्याचं. बाबा रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर खानापुरात घर बांधलं. मी लग्न होऊन बेळगावात, अनगोळला. आम्ही तिघं भावंडं, थोरला दादा, मग मी, मग धाकटा. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला सुरू झालं, आधी इकडंतिकडं फिरलो, शेवटी धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक रुग्णालयात दाखवलं, ॲडमिटपण होता. आता गोळ्यांवर बरा आहे, म्हणजे आवाज ऐकू येतात म्हणायचा ते कमी झालंय, आरडाओरड नाही, पण कामाला लावलं की टिकत नाही आणि आंघोळीला उठवायचं म्हणजे आईचा अर्धा दिवस जातो. आई सत्तरीला आली, बाबांची बायपास झालीय.

पण मला विचारायचंय ते धाकट्याबद्दल. तो पुण्यात आयटीत आहे. गणपतीला येतो, बॅग पण नीट उघडत नाही, दादा हॉलमध्ये आला की हा मोबाईल घेऊन गच्चीवर. दादाला कळतं की सगळं, तो मला विचारतो 'बारक्या माझ्यावर चिडलाय काय गं'. काय सांगणार?

कारण मला माहिती आहे. धाकट्याची पीयूसी सेकंडची, म्हणजे बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि दादाच्या डोक्यात बसलं की ह्याच्या वह्यांत आपल्याबद्दल काहीतरी लिहिलंय. पहाटे उठून फिजिक्स, मॅथ्सच्या सगळ्या वह्या न्हाणीतल्या चुलीत घातल्या. हा उठून बघतोय तर निळ्या स्पायरलच्या तारा तेवढ्या राखेत शिल्लक. आई म्हणाली आजारी आहे रे तो, तू शहाणा ना, आणि त्याच चुलीवर त्याला आंघोळीचं पाणी तापवून दिलं. त्यानंतर त्या वह्यांचा विषय आमच्या घरात कोणी काढलेला नाही. मार्क कमी पडले तेव्हाही नाही.

आता त्याला चंदगडकडचं स्थळ आलंय, मुलगी चांगली आहे, दोघांचं जमलंय असं दिसतंय. आणि हा म्हणतो दादाचं काही सांगायचं नाही, साखरपुड्याच्या दिवशी त्याला मामाकडं ठेवा. आई चक्क तयार झाली! बाबांनी नुसतं विचारलं की आमच्या नंतर दादाचं कसं, तर म्हणाला पैसे पाठवीन पण माझ्या घरी आणायचं नाही, पाहिजे तर आत्ता लिहून देतो. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

म्हणजे पुढं सगळं माझ्यावरच येणार असं धरायचं काय? सासरचे चांगले आहेत, पण किती म्हणून. आणि स्थळाला सांगावं की नाही? आणि ह्या दोघांचं कधी जमेल काय, की मी नाद सोडू?

निपाणीचा_पाहुणा

ताई, वाचून काळजात लक्कन झालं, आमच्या घरातलंच कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. माझी थोरली बहीण, अक्का, तिला बायपोलर आहे. आमच्यात ते नाव लई उशिरा कळलं, तवर 'डोक्यावर परिणाम' एवढंच.

आम्ही दोघं भाऊ. मी गावात, थोरला दुबईला. सुरवातीला रोज भांडण, तो म्हणणार तू नीट बघत नाहीस, मी म्हणणार तिथं बसून अक्कल शिकवू नको. मग एकदा वैनीच म्हणाली की बाबांनो कामं वाटून घ्या आणि दुसऱ्याच्या कामात नाक घालू नका. तेव्हापासून डॉक्टर आणि गोळ्या माझ्याकडं, पैसा आणि बँक त्याच्याकडं, आणि अक्काला रोज फोन करून अर्धा तास गप्पा मारायचं काम वैनीकडं. त्यात माझं मत कोणी विचारत नाही आणि मी पण त्याच्या बँकेत बोट घालत नाही. भांडणं होतात अजून, होणारच की ओ, पण कुणी काय करायचं ह्यावरनं नाही होत.

तुमचा धाकटा 'पैसे पाठवीन' म्हणालाय ना? तुम्हाला ते वाईट वाटलंय, मला विचाराल तर त्यानं पहिलं काम उचललंय. धरून ठेवा. महिन्याला किती, कुठल्या अकाउंटला, कुठल्या तारखेला, एवढं ठरवून टाका आणि जे देत नाही त्यासाठी टोमणा मारू नका.

स्थळाचं म्हणाल तर सांगाच. खानापूर ते चंदगड किती लांब हाय? तुम्ही मामाकडं ठेवाल आणि मामाच्या शेजारणीची नणंद त्या गावात निघेल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि मग जन्मभर ती पोरगी म्हणणार मला फसवलं, आणि ते खापर परत तुमच्या दादावरच फुटणार.

ह्या धाग्यावर बायपोलरवाले कोणी असतील तर एक सांगून ठेवतो, अक्का लिथियमवर आहे. औषध झकास पण लाडाचं. रक्तातली लेव्हल बघायला लागते, किडनी आणि थायरॉईडची टेस्ट पण अधनंमधनं. उन्हाळ्यात पाणी कमी प्यालं, कडक उपवास धरला, जुलाब लागले की लेव्हल चढते, आणि मेडिकलमधनं ब्रुफेनसारखी अंगदुखीची गोळी आणून खाल्ली तरी चढते. अक्काचा एकदा पारायणात उपवास झाला आणि हात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला. तेव्हापासून उपवासाचं आधी डॉक्टरला विचारतो, देवाला मागनं.

सीमेवरचा

एवढं सगळं केलंय तर एकदा बाहेरचं पण बघून घ्या ताई. राग मानू नका. आमच्या पाहुण्यांत एक होता असाच, गोळ्या खाऊन नुसता झोपायचा, एका ठिकाणी नेला, गोळ्या बंद केल्या, ठणठणीत झाला. आता कुठं आहे माहीत नाही पण झाला.

निवृत्त_सिस्टर

'आता कुठं आहे माहीत नाही' हेच तर. गोळ्या बंद केल्यावर पहिले काही आठवडे माणूस तरतरीत दिसतो कारण झोप आणणारा असर उतरतो, आणि मग काही महिन्यांत आजार परत उलटतो, तेव्हा नेणारा पाहुणा नसतो, बहीणच असते. मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केलेली बाई आहे. यल्लम्माला जा, जोतिबाला जा, मी पण जाते. गोळी खिशात घेऊन जा. आणि कुठं साखळी दिसली तर तिथनं मागं फिरा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, साखळदंडात बांधलेली २८ माणसं जळून गेली. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीनं बांधून ठेवायला सरळ बंदीच आहे.

आता मधल्या बहिणी, तुझ्यासाठी. तुला ताई म्हणत नाही, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

बाबा रेल्वेतले म्हणालीस म्हणून आधी पेन्शनचं. आई आणि बाबा दोघांच्या नंतर, मानसिक आजारामुळं कमाई करू न शकणाऱ्या मुलाला फॅमिली पेन्शन जन्मभर मिळू शकते, वयाची पंचवीस वर्षांची अट त्याला लागत नाही. त्यासाठी सरकारी मेडिकल ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट लागतं. बाबा हयात आहेत तोवर त्यांच्याच सहीनं दादाचं नाव आणि कागद पेन्शनच्या रेकॉर्डला लावून घ्या. वडील गेल्यावर भावंडं हे करायला जातात तेव्हा चपला झिजतात.

दुसरं, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी कार्ड. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलाय. सर्टिफिकेटवर अपंगत्व चाळीस टक्के किंवा वर आलं की सवलती सुरू होतात. आणि हे तुझ्या पुण्याच्या भावाला सांग, इन्कम टॅक्सच्या ८०डीडी खाली अवलंबून असलेल्या भावाचा खर्च केला तर ७५ हजारांची वजावट मिळते, ऐंशी टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख. जुन्या रिजीममध्येच हां. आयटीवाल्याला हे पटकन समजेल.

तिसरं, दादा आत्ता बरा आहे ना, मग त्यालाच विचारा की तुझ्या वतीनं दवाखान्यात कोणी बोलायचं. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, ज्याचं नाव घालायचं त्याची संमती पाहिजे, आणि पुढं मन बदललं तर नाव बदलता येतं. आजारी आहे म्हणून त्याची सही चालत नाही असं लोक सांगतील, तसं काही नसतं, नुसत्या आजारावरनं माणूस अक्षम ठरत नाही. आणि नॅशनल ट्रस्ट ॲक्टची गार्डियनशिप काढा म्हणून कोणी एजंट सांगेल तर पैसे देऊ नका, तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व अशांसाठी आहे, स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही.

मधली_बहीण

सिस्टर, पेन्शनचं खरंच माहीत नव्हतं, बाबांना आत्ताच फोन केला. निपाणीकर दादा, 'पहिलं काम उचललंय' हे वाचून जरा थांबले. मी ते असं बघितलंच नव्हतं. पण तुमच्यात निदान भांडण तरी होतंय, आमच्याकडं तो बोलतच नाही हो.

खिडकीची_सीट

मी बेंगळुरात असतो, मूळ चिकोडीकडचा. मला तुमचा धाकटा समजा, माझी थोरली बहीण आजारी आहे आणि मी पण गणपतीला दीड दिवस येऊन पळणारा आहे. म्हणून जरा त्याच्या बाजूनं लिहितो, गोड लागणार नाही.

अशा घरात दुसऱ्या पोराला आजारी पडायची परवानगी नसते. ताप आला तरी मी सांगायचो नाही, कारण आईच्या तोंडाकडं बघवायचं नाही. पहिला नंबर आला तर 'बरं झालं बाबा, तुझी तरी काळजी नाही'. हे कौतुक नसतं ओ. तुझ्याकडं बघायला आम्हाला वेळ नाही आणि तू तसाच शहाणा राहा, असा त्याचा अर्थ पोराला लागतो, आणि पोरगं राहतं पण तसं. मग नोकरी लागली की ते जे सुटतं ते मागं वळून बघत नाही.

आणि भीती. ही कोणाला सांगत नाहीत. बावीस-तेवीसचा असताना रात्री कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं की मी उठून बसायचो, झालं, आलं आता मला. शेवटी एका डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले साधारण लोकांत स्किझोफ्रेनिया शंभरात एकाला, सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात नऊ-दहा. म्हणजे नव्वदला होत नाही. तुमच्या भावाच्या पुढं होणाऱ्या पोरांसाठी, काकाला आजार आहे एवढ्यावरनं, शंभरात तीन-चार. बहुतेकांना हा विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळं तिशी ओलांडली की भीती पुष्कळ उतरते. तुमचा धाकटा स्थळाला सांगायला नको म्हणतोय ना, त्यामागं लाज असेल थोडी, पण हे गणित त्याला कोणी सांगितलं नसेल तर भीतीच जास्त असणार. त्या मुलीनं 'आपल्या पोरांना होईल का' विचारलं तर त्याच्याकडं उत्तर नाही. उत्तर द्या त्याला. पाहिजे तर दोघांना मिळून डॉक्टरकडं बसवा, लपवण्यापेक्षा सोपं पडतं.

आणि प्लीज, त्याला 'दादा तुझी आठवण काढतो' असं सांगू नका. मला ते ऐकलं की फोन ठेवावासा वाटायचा. त्या वह्यांचं बोला. दादाशी नाही, आईशी पण नाही, तुम्ही बहीण म्हणून. 'तुझ्या वह्या जळल्या आणि कोणी तुझी बाजू घेतली नाही' एवढंच. पुढं 'पण तो आजारी होता ना' जोडलंत की संपलं.

गोळ्या_चालू_आहेत

सगळे भाऊबहीण बोललेत तर एक पेशंट पण बोलतो. बेळगावातच शहापूरचा आहे, आजार तुमच्या दादाचाच. काम करतो, मालक चांगला आहे म्हणून टिकलंय, खोटं कशाला बोलू.

आजारी पडल्यावर माझी बहीण माझी आई झाली आणि भाऊ पोलीस. बहिणीचा फोन आला की पहिलं वाक्य 'गोळी घेतलीस?', दुसरं 'जेवलास?', तिसरं 'झोप लागते ना?'. भाऊ माझ्या डोळ्यात बघून अंदाज घ्यायचा, मी जरा मोठ्यानं हसलो तरी दोघं एकमेकांकडं बघायचे. मला समजत होतं ते प्रेमापोटी आहे. पण मला हसायची पण चोरी. डॉक्टर सुद्धा म्हणतात घरात सारखी टोकाटोकी किंवा सारखं पाळत ठेवल्यासारखं असलं की आजार उलटायचा चान्स वाढतो, आणि हे मी मनानं सांगत नाही, त्याच्यावर पुष्कळ अभ्यास झालाय.

बदललं ते भावामुळं आणि ते पण सहज. त्याच्याकडं मंडळाची वर्गणी होती, पावतीपुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला तू लिही, मी गल्लीत फिरतो, माझं अक्षर कुत्रं पण वाचत नाही. मी रात्री बसून पावत्या लिहिल्या, हिशोबात चारशे रुपये कमी पडले तर त्यानं मला शिव्या घातल्या. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला कोणीतरी शिव्या घातल्या! मी पण घातल्या. विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत ढोलाच्या मागं चालत गेलो दोघं, मधेच आवाज सहन होईना तर तो काही न विचारता मला घेऊन बाजूच्या बोळात थांबला.

तुमच्या दादाला आणि धाकट्याला समोरासमोर बसवून 'बोला आता' करू नका, दोघांची पण दातखीळ बसेल. काहीतरी काम द्या हातात. दादाला काय येतं?

आणि साखरपुड्याला मामाकडं ठेवायचं असेल तर निदान त्याला विचारून ठेवा. मला पण गर्दी झेपत नाही, मी बऱ्याच लग्नांना स्वतःहून जात नाही. पण विचारलं तर नाही म्हणणं वेगळं आणि सकाळी गाडीत घालून पाठवणं वेगळं. आम्हाला पाहुणे कधी येणार ते भांड्यांच्या आवाजावरनं कळतं.

निपाणीचा_पाहुणा

शेवटच्या दोन प्रतिसादांना रामराम घालतो. मी पण अक्काला फोन केला की गोळीनंच सुरवात करतो. वैनीशी ती अर्धा तास बोलते आणि माझा फोन दोन मिनिटात ठेवते, ते का, आत्ता ट्यूब पेटली.

मधली_बहीण

मंडळी, चार दिवसांनी येतेय. घरी कळू नये म्हणून सगळं सविस्तर लिहीत नाही.

खिडकीची सीट, तुम्ही म्हणालात तसंच्या तसं केलं. धाकट्याला फोनवर वह्यांचं बोलले आणि पुढं काही जोडलं नाही, जीभ चावून धरली अक्षरशः. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला 'मॅथ्सची वही पाटील सरांच्या मुलाची होती, माझी नव्हती. मला त्याला भरून द्यायला लागली.' हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं! सगळ्या वह्या परत उतरवून दिल्या होत्या त्यानं, परीक्षेच्या आधी, रात्री बसून. आई-बाबांना पण माहीत नाही. मग चिडला, खूप बोलला, मला पण बोलला, मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला मुलीला तो स्वतः सांगणार, आम्ही कोणी मधे पडायचं नाही, आणि डॉक्टरचा नंबर दे. दादाशी बोलीन वगैरे काही म्हणाला नाही. मी पण विचारलं नाही.

दादाला काय येतं विचारलंत. त्याला गाड्या येतात :) लोंढ्याला वाढलेला ना, कुठली गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला, गोव्याला जाणारी कुठनं वळते, कुठल्या गाडीला घाटात मागनं इंजिन लावतात, सगळं पाठ. धाकटा पुण्याहून नेहमी बसनं येतो. त्याला म्हटलं ह्या वेळी ट्रेननं ये आणि कुठली धरायची ते दादाला विचार. 'बघतो' म्हणाला. आमच्या धाकट्याचं 'बघतो' म्हणजे काहीही असू शकतं.

आता सिस्टर, एक अडलंय. सर्टिफिकेटसाठी दादाला नेलं पाहिजे आणि तो म्हणतो मी अपंग नाही, मला कार्ड नको. काय करू? आणि आई फार थकलीय, तिच्याशी पण कोणीतरी बोलायला पाहिजे असं वाटतंय.

निवृत्त_सिस्टर

कार्डावरनं जबरदस्ती करू नकोस. बरेच जण आधी नको म्हणतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. त्याचे नेहमीचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडनं सांगू दे, पुढच्या फॉलोअपला, घरात नाही. 'अपंग' हा शब्द न काढता 'बाबांच्या पेन्शनचा कागद' म्हणून सांगितलं तर बऱ्याच जणांना चालतं, आणि ते खोटं पण नाही. जुने डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, जेवढं आहे तेवढं एका फाईलला तारखेप्रमाणं लाव. आजार कधीपासून आहे ते त्यावरनंच दिसतं आणि तिथं तेच विचारतात. बाबांचा पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, फाईलच्या पहिल्या पानावर.

दर वेळी धारवाड गाठायला नको, कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून योजना आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात. खानापुरात कुठल्या मंगळवारी ते आधी फोन करून विचारून जा.

आईसाठी १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. फुकट आहे, चोवीस तास, भाषा निवडता येते. पेशंटनंच फोन करायचा असं काही नाही, घरातल्यांनी केला तरी बोलतात. पहिल्यांदा तू शेजारी बसून लावून दे आणि मग उठून आत जा, तू समोर असलीस तर ती 'मला काय धाड भरलीय' म्हणेल.

सर्टिफिकेटचं काय झालं ते इथंच लिही. अडलं तर कुठल्या टेबलाला अडलं ते पण लिही.